नऊ बुधी आणि दोन जगदीश पाटील

बसा, चहा येतोय. तोवर माझी एक फजिती ऐका. हसायचं तर खुशाल हसा, मी आता त्याच्या पलीकडे गेलोय. फक्त ऐकताना माझ्या बायकोकडे बघू नका. तिला हा किस्सा पाठ आहे आणि ती शेवट आधीच सांगून टाकते.

तर मी जगदीश पाटील. राहतो डहाणूत, शिकवतो तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत. वय एकोणचाळीस. पण आजूबाजूच्या शाळांत माझी ओळख वेगळीच. ‘एक्सेलवाले सर’! कुठल्याही मुख्याध्यापकाला वरून तक्ता आला की माझा फोन वाजलाच म्हणून समजा.

आणि खरं सांगू? मला ते आवडतं. ती हिरवट चौकटींची शीट उघडली की मला घोलवडच्या चिकूच्या वाडीत शिरल्यासारखं वाटतं. सरळ रांगा, मध्ये सावली, कुठे कुणी ओरडत नाही. मी त्या रांगांतून तासन्‌तास फिरू शकतो. रेखा म्हणते, ‘‘अहो, चहा गार झाला.’’ मला ऐकू येतं ते असं, की कुणीतरी लांब समुद्राच्या पलीकडून काहीतरी म्हणतंय.

रेखा म्हणजे माझी बायको. रेल्वेत आहे, तिकीट खिडकीवर. माणूस समोर आला की तो कुठे जाणार हे तिला त्याच्या पिशवीवरून कळतं. तिच्या कपाळावर, दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, एक आठी आहे. आमच्या घरातला सिग्नलच तो. आठी दिसली की गाडी थांबवायची. ही आठी लक्षात ठेवा हां, पुढे लागणार आहे.

एका मंडळानं डोळे तपासायचं शिबिर घेतलं. पहिल्या दिवशी वरोरला, दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत. डॉक्टर मॅडम तपासणार आणि वहीत नंबर लिहिणार. मग पुढच्या रविवारी ज्याला जो नंबर, तो तयार चष्मा ट्रेमधून काढून द्यायचा. एक नंबरचा ट्रे, दीडचा, दोनचा, तीनचा. मधलं काम माझ्याकडे. वहीतली यादी कॉम्प्युटरवर घ्यायची आणि प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी छापायची. नाव, गाव, पाडा आणि नंबर.

मीही मॅडमसमोर बसून डोळे तपासून घेतले. मॅडम काहीतरी म्हणाल्या. पण मी तेव्हा मनातल्या मनात फॉर्म्युला लिहीत होतो. मान डोलावली आणि उठलो.

शनिवारी दुपारी व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसलो. आमचं घर समुद्रापासून लांब नाही. वारा येत होता, सुरूची झाडं डुलत होती. अशा वेळी माणसानं कविता करावी, मी व्हीलुकअप केला. हा फॉर्म्युला काय करतो, तर तुम्ही त्याला एक नाव द्यायचं. तो यादीत वरून खाली जातो, ते नाव सापडलं की त्याच्यापुढचा नंबर आणून देतो. एका चौकटीत लिहिला, खाली ओढला, आणि सगळ्या चिठ्ठ्या भरल्या! एका सेकंदात! मी खुर्चीत मागे रेललो आणि समुद्राच्या दिशेनं बघत राहिलो.

रेखा कपडे वाळत घालत होती. म्हणाली, ‘‘अहो, पण एकाच नावाची दोन माणसं असली तर?’’

‘‘त्याला कळतं ते.’’

‘‘कुणाला?’’

‘‘कॉम्प्युटरला.’’

‘‘आमच्या कॉम्प्युटरला नाही कळत. आम्ही नाव विचारतो, वय विचारतो, कुठून कुठे ते विचारतो, तेव्हा कुठे तिकीट निघतं.’’

‘‘रेखा, हे एक्सेल आहे,’’ मी म्हणालो. असल्या आवाजात, की जणू एक्सेल माझ्या आजोबांनी लावलेलं झाड होतं.

आठी उमटली. पण मी समुद्राकडे बघत होतो ना!

आता आमच्या भागातली एक गंमत तुम्हाला माहीत असेलच. पाड्यांवरच्या जुन्या माणसांत मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव ठेवतात. सोमवारचा सोम्या, मंगळवारची मंगळी, बुधवारची बुधी, शुक्रवारचा सुकऱ्या. किती सुंदर! जन्मभर आपला वार आपल्याबरोबर. पण आठवड्यात वार सातच, आणि आडनावंही फिरून फिरून तीच. माझ्या यादीत बुधी वरठा किती होत्या? नऊ! सुकऱ्या वरठा? तेही नऊ! आणि माझा फॉर्म्युला वरून खाली जाऊन पहिली बुधी दिसली की तिथंच थांबत होता. पहिल्या बुधीला एक नंबर होता. झालं, नऊच्या नऊ बुधींना एक नंबर. पहिल्या सुकऱ्याला तीन. झालं, नऊ सुकऱ्यांना तीन. तीन नंबरचा ट्रे रविवारी सकाळीच रिकामा झाला.

मला वाटलं, वा, काय भराभर चाललंय वाटप!

त्या गर्दीत एक आजी आली. बारीक चणीची, हाताची बोटं मात्र लांब आणि शांत. आमच्या पाड्यावरच्या आशा स्वयंसेविका सविताताई शेजारी उभ्या होत्या. त्यांचं माहेर सायवनचं. त्या म्हणाल्या, ‘‘सर, ही आमची बुधीबाय. सायवनची. घोलवडच्या नर्सरीत कलमं बांधायची. हिच्या हातची चिकूची कलमं गुजरातेत गेल्यात.’’

‘‘बांधायची म्हणजे? आता नाही?’’

‘‘दिसत नाय ना आता. शेटनं पिशव्या भरायला बसवलंय. माती भरते दिवसभर.’’

बुधीबायनं स्वतःच सांगितलं, ‘‘शेट बोलला, सोमवारची सोमवार पाच कलमं बांधून दाखव. लागली नीट, तं ये परत कलमावर. नाय तं पिशव्याच भर.’’

सोमवारची सोमवार म्हणजे येत्या नव्हे, पुढच्या. आठ दिवस होते. रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, रोपावर चिकूची काडी बसवायची, दोन्हीच्या साली अगदी एकमेकींना लागल्या पाहिजेत आणि वरून पट्टी आवळायची. केसाएवढी चूक झाली तरी काडी वाळते. चाळीस वर्षं हे काम केलेली बाई माती भरत होती. मला फार वाईट वाटलं, खरंच वाटलं. मी स्वतः तिच्या नाकावर चष्मा चढवला. एक नंबरचा.

‘‘यानं कलम बांधाया येल ना, सर?’’

‘‘बाय, डोळे मिटून बांधशील!’’

तिनं हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाली, ‘‘बरा हाय.’’

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे सरांनी दिलेली वस्तू वाईट आहे असं तोंडावर कुणी म्हणत नाही. चष्म्यातून काही दिसलं नाही तरी ‘बरा हाय’. मला तिथं शिकवायला लागून चौदा वर्षं झाली. मला हे माहीत असायला नको?

शेवटी मी माझी चिठ्ठी काढली. ‘जगदीश पाटील, तीन नंबर.’ ट्रेमध्ये नव्हता, पण मी सकाळीच माझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवला होता. लावला.

आणि मित्रांनो, काय सांगू! जग मऊ झालं.

शाळेसमोरचा डोंगर कापसाचा झाला. बाभळीला काटे उरले नाहीत. परतीच्या एसटीतून आशागडकडे जाताना सगळी शेतं एकमेकांत विरघळत होती. मला वाटलं, अरे, हेच ते नीट दिसणं! एकोणचाळीस वर्षं आपण उगाचच सगळं टोकदार बघत होतो. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं हेच कळेना. मधे एक केशरी ठिपका होता. तो सूर्य असेल, किंवा भज्यांच्या गाडीवरचा दिवा. मला दोन्ही चालणार होतं.

घरी आलो. रेखानं दार उघडलं. मी बघतच राहिलो. आठी नाही! नितळ कपाळ, भोवती उजेडाची कड. मी म्हणालो, ‘‘रेखा, किती सुंदर दिसतेस गं.’’

ती काहीतरी बोलली. आवाज जरा चढा होता, पण चेहरा इतका शांत! मी हसलो आणि आत गेलो.

ते आठ दिवस मी स्वप्नात होतो. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना सगळ्यांची अक्षरं सारखीच सुंदर. सगळ्यांना ‘छान’. शेजारच्या काकांना मी रोज सकाळी हात हलवायचो. ते वाळत घातलेलं घोंगडं होतं.

मंगळवारी सविताताईंचा फोन. ‘‘सर, बुधीबायनं नर्सरीत एक कलम बांधून बघितलं. काडी उलटी बसवली!’’

‘‘उलटी?’’

‘‘खालचं टोक वर. शेट त्याच्या गुजरातीत बोलला, ‘जुओ, ऊंधी!’ बाय रडायला आली, सर. नि दुसऱ्या बुधी पण बोलतात का दिसत नाय.’’

शीट उघडली, लॅपटॉप नाकाजवळ धरला आणि कळलं. नावं सारखी! बस, एवढंच ना? एक अट आणखी घालायची. नाव अधिक पाडा. दोन्ही चौकटी जोडून एकच ओळख करायची, म्हणजे ‘बुधी वरठा पाटीलपाडा’. बुधीबाय पाटीलपाड्याचीच. एन्टर दाबलं, दीड नंबर आला. सविताताईंनी वाडीच्या टेम्पोतून दीडचा चष्मा घोलवडला पाठवला.

गुरुवारी फोन. ‘‘नाय दिसत, सर.’’

‘‘अहो, पाटीलपाडा घातला ना मी!’’

‘‘सर, पाटीलपाडा कुठल्या गावात नाय? तुमच्या शाळेच्या गावात हाय, सायवनला हाय, त्याच्या पलीकडं पण हाय.’’

बरोबर होतं. आमच्या दोन्ही तालुक्यांत ज्या गावाला पाटीलपाडा नाही ते गाव मी तरी बघितलेलं नाही. ठीक आहे, तिसरी अट. नाव, पाडा, गाव. आता इंडेक्स-मॅच लावला. जरा वरच्या दर्जाचा फॉर्म्युला असतो तो, लावताना माणूस आपोआप ताठ बसतो. दोन नंबर आला. टेम्पो गेला.

शुक्रवारी फोन. ‘‘जरासं दिसतं. पण साल नाय दिसत.’’

‘‘आता काय राहिलं, ताई?’’

‘‘सर, सायवनच्या पाटीलपाड्यावर बुधी वरठा दोघी हायत. जावा-जावा. एकाच घरात.’’

मी डोळे मिटले. चष्म्यातून काही फारसा फरक पडला नाही.

पण हार मानेन तर एक्सेलवाला कसला! चौथी अट, जन्मतारीख. जावा असल्या म्हणून जन्मतारीख थोडीच एक असेल? शनिवारी बसून जन्मतारखेचा रकाना जोडला. दोघींची तारीख एकच, एक जून. मग खाली बघत गेलो. नऊ बुधींची एक जून. नऊ सुकऱ्यांची एक जून. सोम्या, मंगळी, सगळे एक जूनला जन्मलेले!

का, ते तुम्हाला सांगायला नकोच. पूर्वी ज्याची जन्मतारीख माहीत नाही त्याला गुरुजी एक जून लिहून टाकायचे, शाळा सुरू व्हायच्या सुमाराची. आणि या शिबिराच्या यादीत ती कुणी लिहिली होती? मीच! ‘आजी, जन्म कधीचा?’ ‘बुधवारचा.’ ‘बरं, एक जून.’

रविवारी सविताताई वही आणि चष्म्यांचे उरलेले ट्रे घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, ‘‘सर, किती अटी लावताल? मना विचारा ना. धाकटी बुधी दोन नंबर, ती चुलीपाशीच असते. कलमवाली बुधी थोरली. ही बघा, दुसरी ओळ. तीन नंबर.’’

तीन! मी ट्रेकडे धावलो. तीन नंबरचा ट्रे रिकामा. नऊ सुकऱ्यांकडे नऊ चष्मे. सविताताई कालच त्यांच्याकडे जाऊन आल्या होत्या. एकानंही परत दिला नाही. एक म्हणाला, डोळ्यात धूळ जात नाय, बरा हाय. रविवार म्हणून चष्म्याचं दुकान बंद. आणि उद्या सोमवार.

‘‘आता काय?’’ रेखानं विचारलं.

‘‘शेटकडे जातो. एक दिवस मागून घेतो. चूक माझी आहे, मी सांगतो त्यांना.’’

‘‘या अवस्थेत? काल तुम्ही फ्रिजला उजवीकडे सरका म्हणालात. मी नेते.’’

सोमवारी सकाळी तिनं रजा टाकली आणि स्कूटर काढली. मी मागे. डहाणू ते घोलवड किनाऱ्यानं जाताना डावीकडे समुद्र आणि उजवीकडे चिकूच्या वाड्या, आणि मला दोन्ही एकाच रंगाच्या धुरासारखे. मधूनच मी म्हणायचो, ‘‘काय हवा आहे!’’ रेखा पुढून नुसता हॉर्न वाजवायची.

नर्सरीत शिरल्या शिरल्या मी शेटजींना वाकून नमस्कार केला. ‘‘शेटजी, एक विनंती आहे. सगळा दोष माझा. बुधीबायला फक्त एक दिवस द्या.’’

शेटजी काहीच बोलले नाहीत.

‘‘अहो,’’ रेखा म्हणाली, ‘‘ती खताची पोती आहेत. वर कुणीतरी टोपी ठेवलीये.’’

खरे शेटजी मागून आले. म्हणाले, ‘‘मास्तर, दिवसनी वात नथी, एका दिवसाचा प्रश्न नाही. हंगाम चाललाय. उद्यापासून दुसरी बाई लावतो कलमावर. हिला मी कितीदा बघू?’’

बुधीबाय चिकूच्या सावलीत बसली होती. समोर रायणीची रोपं, मांडीवर सुरी, ओल्या फडक्यात काड्या. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. ‘‘बाय, माझी चूक झाली. मी तुला चुकीचा चष्मा दिला. एकदा नाही, तीनदा.’’

‘‘मना वाटला, माझंच डोळं गेलं,’’ ती म्हणाली.

हे ऐकून मला रडू आलं. आठ दिवस ती मला दोष न देता स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होती. मी डोळे पुसायला चष्मा काढला.

तिनं तो माझ्या हातातून अलगद घेतला. ‘‘दाखव तं जरा, सर, तुझा.’’

लावला. मान खाली घातली. काडी उचलली, उलटसुलट फिरवली. हातावरचा एक ओरखडा बघितला. मग वर झाडाकडे पाहिलं आणि पुन्हा काडीकडे.

‘‘अरं! डोळा दिसतं काडीचा!’’

काडीवर फुटायच्या आधीचा जो बारीक कोंब असतो, तो. पुढचं मी सांगू? तिनं सुरी घेतली. एक तिरका काप, दुसरा तिरका काप. साल सालीला लावली, पट्टी गुंडाळली, दातानं धरून गाठ मारली. पाच कलमं. शेटजी वाकून एकेक बघत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता.

‘‘पिशव्या बीजु कोई भरशे, दुसरं कुणीतरी,’’ ते म्हणाले. ‘‘बाय, तू उद्या सकाळी इथंच बस.’’

बुधीबाय हसली. मला ते हसू अगदी स्वच्छ दिसलं, एकेक सुरकुती. चिकूचं एकेक पान दिसत होतं. चष्मा तर तिच्या नाकावर होता! मग मला कसं दिसतंय?

रेखानं बुधीबायच्या कानाजवळ वाकून चष्म्याच्या दांडीवरचा आकडा वाचला. ‘‘तीन.’’

‘‘पण माझ्या चिठ्ठीवर तीनच होता,’’ मी म्हणालो.

‘‘अहो,’’ रेखा म्हणाली, अगदी हळू, ‘‘तुमच्या यादीत जगदीश पाटील किती आहेत?’’

घरी आल्यावर पायातले बूटही न काढता शीट उघडली. जगदीश पाटील दोन. पहिला वरोरचा, वय अडुसष्ट, तीन नंबर. दुसरा डहाणूचा, म्हणजे मी. मी सगळ्या अटी लावल्या. नाव, गाव, वय, जन्मतारीख. माझी जन्मतारीख तरी खरी आहे. एन्टर दाबलं. चौकटीत उत्तर आलं, ‘चष्म्याची गरज नाही.’

म्हणजे मॅडम त्या दिवशी हेच म्हणाल्या होत्या.

मी मान वर केली. रेखा समोर उभी होती. आठी होती! पूर्वीपेक्षा खोल. आठ दिवसांची सगळी एका जागी जमलेली. मी समजत होतो संसारात वसंत आलाय, आणि ही बाई आठ दिवस माझ्यावर धुमसत होती.

‘‘रेखा,’’ मी काहीतरी गोड बोलायचं म्हणून म्हणालो, ‘‘हसू नकोस, पण चूक साधी होती गं. फक्त नावावर शोधलं, आणि पहिला जो सापडला तोच घेतला.’’

तिनं माझ्यासमोरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, ‘‘आत्ता कळलं मला.’’

‘‘काय?’’

‘‘बाबांना कुणीतरी सांगितलं होतं, डहाणूकडे जगदीश पाटील नावाचा फार हुशार मुलगा आहे, त्याला मुलगी द्या. बाबांनीपण फक्त नावावरच शोधलं असणार!’’